यूएसबी-सी हब घेताय? या चुका टाळा

नवा लॅपटॉप घरी येतो, त्याच्या कडेला दोनच बारीक पोर्ट दिसतात, दुसऱ्या दिवशी ऑफिसात प्रोजेक्टर जोडायचा असतो, आणि रात्री अकरा वाजता मोबाइलवर ‘एट-इन-वन’ हबची, म्हणजे एका पोर्टाचे आठ पोर्ट करणाऱ्या डबीची, ऑर्डर जाते. बहुतेक हब असेच घेतले जातात. नंतरच्या तक्रारीही ठरलेल्या: एचडीएमआय लागत नाही, माउस अडखळतो, हार्ड डिस्क मध्येच गायब होते, चार्जिंग हळू चालतं. मग दुसरा हब येतो आणि तक्रार तशीच राहते, कारण अडचण बरेचदा लॅपटॉपच्या पोर्टात, चार्जरमध्ये किंवा केबलमध्ये असते. हब स्वतःकडचं फार थोडं देतो. लॅपटॉपच्या पोर्टात जे येतं तेच तो वाटून देतो. म्हणून खरेदीची सुरुवात स्वतःच्या लॅपटॉपपासून करा, हबच्या फोटोपासून नको.

पोर्टाचा आकार पाहून खरेदी करणं

यूएसबी-सी हे फक्त आकाराचं नाव आहे. त्या एकाच आकाराच्या पोर्टातून कुठे सेकंदाला ४८० मेगाबिटचा जुना यूएसबी २.० वेग मिळतो, कुठे ५ किंवा १० गिगाबिट, तर थंडरबोल्ट ४ ही याच आकारातली जास्त वेगाची जात असेल तर ४० गिगाबिट. चित्र बाहेर पाठवायची सोय, म्हणजे डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड, प्रत्येक पोर्टात नसते. चार्जिंग घेण्याची सोयही प्रत्येकात नसते. काही लॅपटॉपांत दोन सी पोर्ट शेजारीशेजारी असतात आणि त्यातलं एकच मॉनिटर चालवतं.

पोर्टाच्या शेजारची खूण पाहा. विजेचा बाण असेल तर थंडरबोल्ट, ‘डी’ आणि ‘पी’ एकमेकांत गुंतलेली खूण असेल तर चित्र मिळेल. खूण नसेल तर लॅपटॉपच्या तळाशी असलेला पूर्ण मॉडेल क्रमांक कंपनीच्या साइटवर टाका आणि त्या पानावर ‘डिस्प्लेपोर्ट’ (चित्रासाठी) आणि ‘पॉवर डिलिव्हरी’ (चार्जिंगसाठी) हे शब्द शोधा. नुसतं मालिकेचं नाव पाहून भागत नाही. एकाच नावाच्या लॅपटॉपच्या स्वस्त आणि महाग आवृत्तींत पोर्ट वेगळे असतात.

फोनचंही तसंच. आयफोन १५ पासूनच्या साध्या मॉडेलमध्ये डेटाचा वेग यूएसबी २.० चाच आहे, पण चित्र बाहेर येतं. अँड्रॉइडच्या स्वस्त आणि मधल्या किमतीच्या बहुतेक फोनांत चित्र येतच नाही, मग हब कितीही भारी घ्या. पेनड्राइव्हसुद्धा दिसत नसेल, तर सेटिंगमध्ये ‘ओटीजी’, म्हणजे फोनला अशा वस्तू जोडू देण्याची सोय, बंद आहे का ते बघा. काही कंपन्यांच्या फोनांत ते हातानं चालू करावं लागतं आणि थोड्या वेळानं आपोआप बंद होतं.

जुन्या लॅपटॉपच्या चौकोनी यूएसबी-ए पोर्टाला पन्नास-शंभर रुपयांचं कनव्हर्टर लावून सी हब जोडणारेही बरेच आहेत. त्यावर कीबोर्ड, माउस, पेनड्राइव्ह चालतील. मॉनिटर आणि लॅपटॉपचं चार्जिंग चालणार नाही, कारण त्यासाठी लागणाऱ्या पिना ए पोर्टात नाहीतच.

‘फोर-के’ वाचून पुढचा आकडा न वाचणं

खोक्यावर ठळक अक्षरांत ‘फोर-के एचडीएमआय’ असतं आणि त्याच्या बाजूला, असलाच तर, बारीक टाइपात ३० हर्ट्झ. म्हणजे पडद्यावर सेकंदाला तीसच चित्रं. सिनेमा बघताना हे जाणवत नाही. पण त्याच मॉनिटरवर दिवसभर एक्सेल चालवायचं असेल, तर माउसचा बाण हाताच्या मागे राहतो, पान सरकवताना अक्षरं उडी मारतात आणि संध्याकाळपर्यंत डोळे थकतात. फोर-के मॉनिटर असेल तर ६० हर्ट्झपेक्षा कमी घेऊ नका, हे माझं ठाम मत आहे.

हे तीस-साठ येतं कुठून, ते समजलं की निवड सोपी होते. सी पोर्टात वेगवान डेटाच्या चार लेन, म्हणजे वेगळ्या वाटा, असतात. हब जोडला की साधारणपणे दोन लेन यूएसबीला जातात आणि दोन चित्राला. डिस्प्लेपोर्टच्या जुन्या १.२ आवृत्तीत या दोन लेनमधून चित्रासाठी सेकंदाला ८.६४ गिगाबिट मिळतात. फोर-के ६० हर्ट्झला साधारण साडेबारा लागतात, म्हणून गाडी ३० वर येते. डिस्प्लेपोर्ट १.४ मध्ये त्याच दोन लेनमधून १२.९६ गिगाबिट मिळतात आणि ६० हर्ट्झ जेमतेम बसतं. म्हणजे लॅपटॉपमध्येही १.४ हवं आणि हबमध्येही. दोघांपैकी एक जरी जुना असला तरी ३० वरच समाधान मानावं लागतं.

यातून एक पळवाट आहे. काही हब चारही लेन चित्राला देतात आणि १.२ वरही ६० हर्ट्झ काढतात, पण मग त्यांचे सगळे यूएसबी पोर्ट २.० वेगावर येतात. फक्त कीबोर्ड-माउस जोडायचे असतील तर हा सौदा चांगला आहे. एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, जोडणाऱ्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये.

तुमचा मॉनिटर साधा फुल एचडी असेल, तर हा सगळा विचार सोडून द्या. कोणताही हब ते चालवतो, जास्त पैसे घालू नका.

हब योग्य असूनही ३० हर्ट्झच दिसत असेल, तर विंडोजमध्ये डिस्प्ले सेटिंगमधल्या ‘अॅडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये रिफ्रेश रेट, म्हणजे हाच हर्ट्झचा आकडा, पाहा आणि हातानं ६० निवडा. तिथे ६० दिसतच नसेल, तर घरातली जुनी एचडीएमआय केबल बदलून बघा. सेट-टॉप बॉक्ससोबत आलेली केबल बरेचदा इथे अडते.

१०० वॉटचा अर्थ चुकीचा लावणं

हबवर लिहिलेले १०० वॉट ही त्याला झेपण्याची मर्यादा आहे. हब स्वतः वीज तयार करत नाही. तुम्ही त्यात ६५ वॉटचा चार्जर खोचला, तर हब स्वतःसाठी आणि त्याला जोडलेल्या वस्तूंसाठी दहा-पंधरा वॉट राखून ठेवतो आणि लॅपटॉपला पन्नासच्या आसपास सांगतो. लॅपटॉप मग ‘स्लो चार्जर’चा इशारा देतो. तो इशारा बरोबर असतो. ४५ वॉटचा चार्जर लावून जड काम केलं, तर प्लग लावलेला असूनही बॅटरी हळूहळू उतरते. म्हणून लॅपटॉपला ६५ लागत असतील तर हबमध्ये ९० किंवा १०० चा चार्जर लावा. केबलही पाहा: साध्या सी-टू-सी केबलमधून ६० वॉटपर्यंतच वीज जाते, त्यावर ५ अँपिअरची, आत ओळख सांगणारी चिप असलेली केबल लागते.

चार्जर न लावता हब वापरला, तर सगळ्या वस्तू लॅपटॉपच्या एका पोर्टावर जगतात. ते पोर्ट ५ व्होल्टवर कुठे ०.९ अँपिअर देतं, कुठे ३. फिरणारी पोर्टेबल हार्ड डिस्क सुरू होताना सगळ्यात जास्त वीज ओढते. अशा दोन डिस्क एकदम लावल्या की आतून टक-टक आवाज येतो, डिस्क दिसते, जाते, परत दिसते. हा आवाज ऐकू आला की लगेच एक डिस्क काढा. तसंच चालू ठेवलं तर फाइलींची वाट लागू शकते.

आता जी गोष्ट खोक्यावर कुठेच लिहिलेली नसते, ती सांगतो. हबमध्ये चार्जर आहे, हबलाच हार्ड डिस्क आहे, कॉपी चालू आहे आणि लाइट गेली. लॅपटॉपला बॅटरी आहे, पडदा तसाच चालू, म्हणून माणूस निर्धास्त असतो. पण चार्जरची वीज तुटल्यावर हबला लॅपटॉपकडून वीज घेण्याकडे वळावं लागतं, आणि त्या क्षणात बरेचसे हब एकदा बंद होऊन सुरू होतात. हार्ड डिस्क तेवढ्यात सुटते. आमच्या ओळखीत एक लग्नाचे फोटो काढणारा मुलगा आहे. कार्डावरून डिस्कवर कॉपी चालू असताना लाइट गेली, आणि परत जोडल्यावर डिस्क ‘फॉरमॅट करा’ म्हणू लागली. त्यानं ‘हो’ दाबलं नाही, डिस्क तशीच बाजूला ठेवली, म्हणून नंतर बरंच काही वाचलं. अशा डिस्क बहुधा एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या असतात आणि त्या पद्धतीत अर्धवट राहिलेल्या लिखाणाची नोंदवही नसते, त्यामुळे नुकसान मोठं होतं. भारनियमन असलेल्या गावात राहत असाल, तर मोठी कॉपी करताना चार्जर लॅपटॉपच्या दुसऱ्या पोर्टात थेट लावा किंवा डिस्क थेट लॅपटॉपला लावा. आणि कॉपी होईपर्यंत कार्ड पुसू नका. कॉपी चालू असताना आपणच चार्जर काढला किंवा लावला, तरी हाच प्रकार होतो.

हबच्या धातूच्या अंगाला हात लागला की मुंग्या येतात, ही तक्रार दोन पिनांच्या चार्जरवर ऐकू येते. तीन पिनांचा चार्जर वापरा आणि घरातलं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

वायरलेस माउसचा रिसीव्हर हबमध्ये खोचणं

माउस नवा, सेल नवे, तरी बाण अडखळतो. बहुतेक जण माउसला दोष देतात. खरं कारण असं की यूएसबी ३.० चा ५ गिगाबिटचा प्रवाह चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट होतो, आणि माउसचा रिसीव्हर नेमका त्याच पट्ट्यात ऐकत असतो. इंटेलनं २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण काढलं होतं. स्वस्त हबच्या आत आणि केबलवर आवरण पातळ असतं, म्हणून तिथे त्रास जास्त.

रिसीव्हर लॅपटॉपच्याच दुसऱ्या बाजूच्या पोर्टात लावा. तसं पोर्ट नसेल तर हबवरच्या २.० पोर्टात, छोट्या एक्स्टेन्शन केबलनं वीस-तीस सेंटिमीटर दूर ठेवून लावा. एवढ्यानं माउस सुधारतो. हब लावला की वायफाय मंदावत असेल, तर त्याचंही कारण हेच. राउटरच्या ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कवर जा.

मॅकला दोन एचडीएमआयचा हब

दोन एचडीएमआय असलेला हब विंडोज लॅपटॉपवर दोन वेगळे पडदे दाखवतो. तोच हब मॅकबुकला लावला की दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र. यामागे एकाच पोर्टातून अनेक पडद्यांची चित्रं पाठवणारी एमएसटी नावाची पद्धत आहे, आणि मॅकओएस ती वेगवेगळ्या पडद्यांसाठी चालवत नाही. शिवाय अॅपलच्या एम१ आणि एम२ चिपच्या मॅकबुक एअरला बाहेरचा एकच मॉनिटर मुळात चालतो. एम३ ला झाकण बंद ठेवून दोन, एम४ ला झाकण उघडं असतानाही दोन. तेही मॉनिटर अशा साध्या हबमधून नाही, वेगवेगळ्या पोर्टांतून किंवा थंडरबोल्ट डॉकमधून जोडावे लागतात. सॉफ्टवेअरच्या मदतीनं चित्र पाठवणारे डिस्प्लेलिंकचे डॉक, म्हणजे मोठे हब, यातून मार्ग काढतात, पण त्यासाठी ते सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकावं लागतं आणि मॅकवर त्यांच्या पडद्यावर ओटीटीचे सिनेमे काळे दिसतात. ऑफिसच्या कामाला चालेल, घरच्या करमणुकीला नाही.

मॅकवर नवा हब अजिबात ओळखला जात नसेल, तर आधी ‘अॅक्सेसरी जोडू द्यायची का’ अशी खिडकी येऊन गेली का ते आठवा. अॅपलच्या चिपच्या मॅकबुकवर मॅकओएस व्हेंच्युरापासून ही परवानगी लागते. ती प्रायव्हसी अँड सिक्युरिटीच्या सेटिंगमध्ये सापडते.

बारीक अक्षरांतल्या बाकीच्या गोष्टी

इथरनेट ‘१०/१००’ लिहिलं असेल तर ते १०० मेगाबिटवर थांबतं, घरी २०० चा फायबर प्लॅन असला तरी. ‘गिगाबिट’ किंवा ‘१०००’ शोधा. हबवरचं जास्तीचं सी पोर्ट बरेचदा फक्त चार्जिंगसाठी असतं. त्यात पेनड्राइव्ह लावून ‘हब खराब निघाला’ म्हणणारे खूप आहेत. कार्ड रीडर स्वस्त हबमध्ये २.० वेगाचा असतो, फोटोवाल्यांनी तेवढं विचारून घ्यावं. आणि सगळे पोर्ट मिळून वेग एकच असतो: ५ गिगाबिटच्या हबवर दोन एसएसडी लावल्या तर त्या तोच वेग वाटून घेतात.

हब चालत नसेल तेव्हा

आधी सगळं काढा, चार्जरसुद्धा. अर्धा मिनिट थांबून नुसता हब लावा, मग एकेक वस्तू जोडा. कोणती वस्तू लावल्यावर बिघडतं ते लगेच कळतं. मग हबची पिन काढून उलटी फिरवून लावा. सी पिन दोन्ही बाजूंनी बसते, पण एका बाजूनं वेग किंवा चित्र मिळतं आणि दुसऱ्या बाजूनं मिळत नाही, तर पोर्टात कचरा अडकला आहे किंवा एखादी पिन गेली आहे. कचरा लाकडी टूथपिकनं, लॅपटॉप बंद करून, हलक्या हातानं काढा. सुई घालू नका. नंतर तोच हब दुसऱ्या लॅपटॉपला लावून पाहा. तिथे चालला तर हबला दोष देऊ नका, आपल्या लॅपटॉपचे ड्रायव्हर आणि बायोस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा. हब गरम लागणं नेहमीचं आहे, विशेषतः एचडीएमआय आणि चार्जिंग एकत्र चालू असताना. हात टेकवता येत नसेल किंवा जळका वास आला तर मात्र लगेच काढा.

रोजच्या वापराला माझी निवड अशी असते: दोन-तीन यूएसबी-ए पोर्ट, ६० हर्ट्झचं एक एचडीएमआय, चार्जिंगचं एक पोर्ट, आणि घरी वायरचं इंटरनेट असेल तर गिगाबिट इथरनेट. अकरा पोर्टांच्या हबपेक्षा असा हब कमी तापतो. केबल सुटी होणारी मिळाली तर तीच घ्या. जोडलेली केबल वाकून वाकून मुळाशी तुटते आणि चांगला हब टाकून द्यावा लागतो. लॅपटॉपला थेट चिकटणारे, दोन पिनांचे कडक हब शक्यतो टाळा, लॅपटॉप बदलला की ते बसत नाहीत आणि टेबलावर धक्का लागला तर जोर पोर्टावर येतो.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या किंवा ऑनलाइन मागवा, बिल घ्या आणि परत करण्याची मुदत विचारा. त्या मुदतीत प्रत्येक पोर्ट एकदा तरी वापरा: मॉनिटर लावून रिफ्रेश रेट पाहा, एक मोठी फाइल कॉपी करा, चार्जर लावून लॅपटॉपवर इशारा येतो का ते बघा, इथरनेटवर स्पीड टेस्ट करा. कार्ड रीडर सहा महिन्यांनी पहिल्यांदा उघडून बघितला, तर दुकानदार काहीही करू शकत नाही.