सावत्र लेकराच्या अर्जावर आरएफई आलंय? आधी पत्र नीट वाचा

आमच्या घरात ‘सावत्र’ हा शब्द कुणी उच्चारत नाही. लेक सातवीत होती तेव्हा तिच्या आईशी माझं लग्न झालं, तेव्हापासून ती माझीच. पण नातेवाइकाला अमेरिकेत आणण्यासाठीचा आय-१३० हा अर्ज भरताना ‘स्टेपचाइल्ड’च्या चौकटीत खूण करावीच लागते. ती केली आणि काही महिन्यांनी जाडजूड लिफाफा आला. इमिग्रेशन खात्याचं पुरावे मागणारं पत्र, म्हणजे इथल्या भाषेत आरएफई, ‘रिक्वेस्ट फॉर एव्हिडन्स’. बायको घाबरली, मी चिडलो. दोन्ही उगाचच.

आरएफई म्हणजे नकार नव्हे. फाइल बघणाऱ्या अधिकाऱ्याला तुमचं घर दिसत नाही, कागद दिसतात, आणि त्या कागदांतून त्याला चारच गोष्टी पटायला हव्यात. मूल या बाईचं आहे, हीच बाई तुमची बायको आहे, तुमची दोघांचीही आधीची लग्नं असतील तर ती कायद्यानं संपलेली आहेत, आणि तुमचं लग्न झालं त्या दिवशी मुलाला १८ वर्षं पूर्ण झालेली नव्हती. मुलावर तुमचा किती जीव आहे हा कायद्याचा प्रश्नच नाही. लग्न मात्र खरं हवं. पत्र हातात घेऊन आधी एवढंच शोधा, की या चारांपैकी कुठला दुवा त्याला तुटलेला दिसतोय.

आपल्याकडे बहुतेक वेळा तुटतो तो नावाचा दुवा. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहायची आपली पद्धत इथल्या माणसाला काय ठाऊक? माझ्या बायकोचं पाहा. लेकीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव पहिल्या सासरी ठेवलेलं. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं. पासपोर्टवर माहेरचं पहिलं नाव, पण पुढे माझं नाव आणि माझं आडनाव. एकाच बाईच्या तीन बायका झाल्या. अधिकाऱ्यानं विचारलं, मुलीच्या आईशी तुमचं लग्न झालंय कशावरून? बरोबरच होतं त्याचं.

आणि उत्तर आमच्याच कपाटात होतं. घटस्फोटाच्या निकालपत्राच्या पहिल्या पानावर तिची दोन्ही नावं मध्ये ‘ऊर्फ’ घालून छापलेली होती. मी शहाण्यानं अर्जाबरोबर फक्त शेवटचं पान जोडलं होतं, जिथे कोर्टाचा हुकूम असतो. तेव्हा निकालपत्र जोडायचं तर पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं जोडा, कोर्टाच्या सही-शिक्क्याची नक्कल काढून. तुमच्याकडे असं ‘ऊर्फ’ नसेल तर पहिल्या लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र, नाव बदलल्याचं राजपत्र, जुना पासपोर्ट, जे जे नाव एकमेकाला बांधेल ते द्या. लेकराच्या नावात मधे सख्ख्या वडिलांचं नाव येतं आणि आडनावही त्यांचंच, हे दोन ओळींत समजावून सांगा. ते बदलायच्या फंदात पडू नका. अर्जासाठी मुलाला तुमचं आडनाव लागत नाही.

आता जरा अवघड विषय. आधीचं लग्न स्टॅम्प पेपरवर फारकत लिहून मोडलेलं असेल तर नुसत्या त्या कागदावर विसंबू नका, मग त्यावर नोटरीचा केवढाही शिक्का असो. हिंदू विवाह कायद्यात रूढीनं झालेल्या काडीमोडीला जागा आहे, पण तशी रूढी तुमच्या समाजात आहे हे सिद्ध करावं लागतं. ते काम आरएफईच्या मुदतीत घाईघाईनं होत नाही. इथे पैसे वाचवू नका, इमिग्रेशनचा वकील गाठा. बाकीची बरीचशी उत्तरं माणूस स्वतः देऊ शकतो, हे नाही. पहिला नवरा वारला असेल तर काम सोपं, मृत्यूचा दाखला पुरतो.

जन्मदाखल्यावर आईवडील दोघांची नावं आणि मुलाचंही नाव हवं. नावाचा रकाना कोरा असलेले दाखले आपल्याकडे सर्रास असतात. नाव नोंदवून नवा दाखला काढून घ्या. जन्माची नोंद उशिरा, वर्ष उलटून गेल्यावर केली असेल तर एकट्या दाखल्यावर भागत नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, दवाखान्याचं कार्ड, लसीकरणाचं कार्ड असे त्या काळातले कागद जोडा. नोंदच सापडत नसेल तर तसं लेखी घ्या. आमच्या ओळखीत एकाला नगरपालिकेत खिडकीवर ‘रेकॉर्ड नाही’ एवढं तोंडी सांगून परत पाठवलं. तोंडी सांगण्याचा इथे उपयोग शून्य. सोबत दोन माणसांची प्रतिज्ञापत्रं लागतात, जन्माची माहिती प्रत्यक्ष असलेल्यांची. आत्या, मावशी, बाळंतपणाला सोबत असलेली शेजारीण चालते. त्यात त्यांचं नाव, पत्ता, जन्मतारीख, जन्मगाव आणि ही गोष्ट त्यांना कशी माहीत, हे सगळं यायला हवं. ‘मी या कुटुंबाला चांगलं ओळखते’ एवढ्यावर काही होत नाही.

मराठी कागदाचं पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं, शिक्क्यावरच्या मजकुरासकट. खाली भाषांतर करणाऱ्यानं दोन्ही भाषा येत असल्याचं आणि भाषांतर पूर्ण व अचूक असल्याचं लिहून सही करायची. नोटरी लागत नाही. फक्त ते स्वतः करू नका, मराठी मंडळातल्या कुणाला तरी सांगा.

लग्न खरं असल्याचा पुरावा मागितला तर वाईट वाटतं, मलाही वाटलं. पण आपल्याकडे दुसरं लग्न चार माणसांत, रजिस्टर ऑफिसात उरकतात. वरात नाही, रुखवत नाही, अल्बम कुठून येणार? मग त्यानंतरचा संसार दाखवा. तुमच्या भारतवाऱ्यांची तिकिटं, पासपोर्टवरचे शिक्के, घरी पाठवलेले पैसे, विम्यावर बायकोचं वारस म्हणून नाव, वेगवेगळ्या वर्षांचे मोजके फोटो, मागे तारीख आणि कोण कोण ते लिहून. मी व्हॉट्सअॅपची दीडशे पानं छापायला निघालो होतो, बायकोनं थांबवलं. दर दोन-तीन महिन्यांचं एक पान पुरतं.

मुदतीबद्दल गाफील राहू नका. ती जास्तीत जास्त ८४ दिवस, टपालाच्या पत्राला वर ३ दिवस. नेमकी तारीख पत्रावर असते, आणि त्या तारखेला तुमचं उत्तर तिथे पोचलेलं हवं, नुसतं पोस्टात टाकलेलं नव्हे. मुदत वाढवून मिळत नाही. उत्तरही एकदाच देता येतं, सगळे कागद एकत्र. आज थोडे, उद्या थोडे असं केलंत तर पहिल्या गठ्ठ्यावरच निर्णय होतो. म्हणून पत्र आलं त्याच दिवशी भारतात फोन लावा आणि ज्याला सगळ्यात जास्त वेळ लागेल तो कागद आधी मागवा.

मुलाचं वय २१ च्या जवळ असेल तर जास्तच जपा, कारण या कायद्यात ‘मूल’ म्हणजे २१ च्या आतलं. अमेरिकन नागरिकानं अर्ज केला की अर्जाच्या तारखेचं वय धरतात. तो फेटाळला आणि नव्यानं भरावा लागला तर वयही नव्या तारखेचं. आणि नागरिक असाल तर बायकोच्या अर्जात मूल आपोआप येत नाही, त्याचा आय-१३० वेगळा. बायकोच्या आरएफईला दिलेले कागद मुलाच्या फाइलमध्ये कुणी नेऊन लावणार नाही, दोन्हीकडे स्वतंत्र संच पाठवा.

पाठवताना आरएफईचं मूळ पत्र सगळ्यात वर, त्याखाली कुठल्या मागणीला कुठला कागद हे सांगणारं एक पान, मग कागद. ऑनलाइन अर्ज असेल तर खात्यातूनच अपलोड. अस्सल कागद मागितले नसतील तर झेरॉक्सच द्या, कारण अर्ज मंजूर झाल्यावर मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये मुलाखतीला हेच अस्सल कागद पुन्हा लागतात. आमची अस्सल कागदांची लाल फाइल तेव्हा इथे न्यू जर्सीत राहिली होती आणि मायलेकी मुंबईत. कुरिअरला किती पैसे गेले ते विचारू नका.