‘मेडे’ कोणी म्हणायचं?

चार वर्षांपूर्वी मांडव्याहून खांडेरीकडे जाताना शिडाचा बूम (शिडाखालचा आडवा दांडा) माझ्या कानशिलावर आदळला आणि मी आडवा झालो. बोटीवर दुसरी फक्त माझी पुतणी, वय 13. व्हीएचएफ सेट (बोटीवरचा रेडिओ) चालू होता, तिच्यापासून हातभर अंतरावर. पण काय दाबायचं, काय बोलायचं, हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. मिनिटाभरात उठून बसलो म्हणून निभावलं. तेव्हापासून जेटी सोडण्याआधी मी बोटीवरच्या प्रत्येकाला सेट शिकवतो, एका फेरीपुरत्या आलेल्या पाहुण्यालासुद्धा.

चॅनल 16 (संकटाच्या हाकेचा चॅनल), पॉवर पूर्ण, म्हणजे 25 वॅट. स्क्वेल्च, म्हणजे खरखर दाबणारं बटण, खरखर थांबेल इतपतच फिरवा. जास्त फिरवलात तर लांबचा क्षीण आवाज कानावर येणारच नाही. माइकचं बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. घाबरलेला माणूस बटण सोडायला विसरतो, मग उत्तर येत नाही म्हणून आणखी घाबरतो. म्हणून एवढं मी पुन्हा पुन्हा करून घेतो, अर्थात सेट बंद ठेवून. 16 वर सराव करायचा नसतो.

झाकणाखालचं लाल बटण काही सेकंद दाबून धरलं की चॅनल 70 वरून संकटाचा इशारा आणि बोटीचा नऊ आकडी क्रमांक आपोआप जातो (भारतीय बोटींचा 419 ने सुरू होतो). सेटला जीपीएस जोडलेलं असेल तर जागाही जाते. ती वायर जोडलेली आहे का, आजच बघा. मग 16 वर तोंडाने ‘मेडे’ म्हणायचं, म्हणजे जिवाला धोका असतानाची मदतीची हाक. आमच्या सेटशेजारी हे कार्ड चिकटवलंय:

“मेडे, मेडे, मेडे. धिस इज सेलबोट गौरी, गौरी, गौरी. मेडे गौरी. पोझिशन टू माइल्स वेस्ट ऑफ खांडेरी लाइटहाउस. टेकिंग वॉटर. नीड इमिजिएट असिस्टन्स. थ्री पर्सन्स ऑन बोर्ड. ओव्हर.”

नाव आणि जागा आधी, कारण नंतर बॅटरी गेली तरी तेवढं पोचलेलं असतं. उत्तर नाही आलं तर थोडं थांबून पुन्हा तेच. इंजिन बंद पडलंय पण जिवाला धोका नाही, अशा वेळी मेडे नाही, ‘पॅन-पॅन’ तीनदा. दुसऱ्याचा मेडे ऐकू आला तर आपण गप्प राहून लिहून घ्यायचं. कोणीच उत्तर देत नसेल तरच त्याच्या वतीने ‘मेडे रिले’.

हातातल्या सेटवर फार विसंबू नका. व्हीएचएफ जवळजवळ सरळ रेषेत जातो, त्यामुळे वॅटइतकीच अँटेनाची उंचीही महत्त्वाची. छोट्या बोटीत बसून हातातल्या सेटवरून तशाच दुसऱ्या सेटशी बोलणं चार-पाच सागरी मैलांच्या पुढे कठीण. खांडेरीपासून गेटवे सुमारे 13 मैल आहे. डोलकाठीच्या टोकाची अँटेना म्हणूनच हवी. पण काठी मोडली की तीही जाते, तेव्हा हातातला सेट लाइफ जॅकेटला दोरीने बांधलेला असू द्या, बॅगेत नको.

किनारा नजरेआड होत असेल तर ईपर्ब, म्हणजे संकटाचा इशारा पाठवणारं छोटं यंत्र, घ्याच. त्याचा 406 मेगाहर्ट्झचा इशारा उपग्रहामार्फत बंगळुरूच्या केंद्रात पोचतो आणि तिथून तटरक्षक दलाच्या बचाव केंद्राकडे. नोंदणी केलेली नसेल तर बोट कोणाची, घरी कोणाला फोन करायचा, हे त्यांना कळत नाही. एकदा सुरू केला की अँटेना आकाशाकडे ठेवा आणि बंद करू नका. बॅटरी 48 तास पुरावी अशी असते. तिच्यावरची मुदतीची तारीख आमच्याकडे दर ऑक्टोबरात, बोट पाण्यात उतरवताना, पुतणी तपासते.

तटरक्षक दलाचा 1554 हा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये हवा. मोबाइलची रेंज मात्र भरवशाची नाही, आणि मोबाइलवरचं बोलणं शेजारच्या मच्छीमार बोटीला ऐकू जात नाही. 16 वरचं जातं.

लाल बटण चुकून दाबलं गेलं तर सेट बंद करून गप्प बसू नका. 16 वर बोटीचं नाव आणि जागा सांगून इशारा रद्द केल्याचं स्पष्ट बोला. ईपर्ब चुकून सुरू झाला तर तो बंद करून लगेच 1554 ला कळवा.