कळांच्या वेळची सोबत: डूलाचं काम घरच्या माणसानं कसं करावं

डूला म्हणजे सुईण नव्हे. ती आतून तपासत नाही, इंजेक्शन देत नाही. पहिल्या कळेपासून बाळ छातीशी येईपर्यंत ती बाईला एकटी सोडत नाही. अशी सलग सोबत असली की कळांचा काळ थोडा कमी होतो, सिझेरियनची शक्यताही घटते. शिकलेली डूला मिळाली नाही तर आई, मावशी, वहिनी हे करू शकतात. तयारी मात्र सातव्या महिन्यापासून हवी.

आधी दवाखान्यात विचारा, लेबर रूममध्ये कोणाला येऊ देता? सरकारी रुग्णालयांत २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमात सोबतिणीची तरतूद आहे. नागपुरात नाव डागा या सरकारी स्त्री रुग्णालयात असो की मेडिकल म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, हे फाईल काढतानाच विचारून घ्या. पडदे नसलेल्या खोलीत पुरुषाला सहसा थांबू देत नाहीत, म्हणून नवरा येणार असला तरी एक बाई तयार ठेवा.

कळा मोजताना घोळ होतो तो इथे: कळ संपल्यापासून नव्हे, एका कळेच्या सुरुवातीपासून दुसरीच्या सुरुवातीपर्यंत मोजायचं. पहिलटकरणीला दर ५ मिनिटांनी, १ मिनिटाची कळ तासभर येत राहिली की निघा. घर शहरापासून लांब, काटोल-उमरेडकडे असेल तर इतकं थांबू नका. पाणी गेलं, रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर कळा नसल्या तरी लगेच. पाण्याचा रंग हिरवट असेल तर नर्सला सांगा.

कंबर दुखते तेव्हा चोळू नका, दाबा. माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडावर तळहाताचा मनगटाकडचा भाग टेकवा, कोपर सरळ ठेवा आणि अंगाचा भार द्या. जोर हातानंच लावला तर दहा कळांत हात गळतो. कळ उतरली की हळूहळू सोडा. किती दाबायचं ते तिनं सांगायचं. "नको" म्हणाली की हात काढा. अर्ध्या तासानं स्थिती बदला: चालणं, खाटेवर हात टेकून उभं राहणं, कुशीवर निजणं. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर कळांच्या मधे पाण्याचा घोट द्या आणि दर २ तासांनी लघवीला न्या. भरलेल्या मूत्राशयानं बाळ खाली सरकायला अडचण येते, हे बऱ्याचदा विसरलं जातं.

बाळ झालं की पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवू द्या, पहिल्या तासात पाजा. चीक पिळून टाकू नका. मध, गुटी, पाणी काही नको; मे महिन्यात पारा ४५ वर असला तरी सहा महिने आईच्या दुधातलं पाणीच पुरतं. उन्हाळ्यात खोली बंद करून कोळशाची शेगडी ठेवू नका, धूर दोघांनाही घातक असतो. कूलरचा झोत थेट बाळावर नको, इतकंच.

बाळंतिणीचं पॅड तासाभरात पूर्ण भिजलं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे धूसर झालं, ताप आला किंवा बाळ पिईनासं झालं, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा.