तान्ह्या पोळ्याच्या मोठ्या नंदीसाठी ठोकळ्यांचे मजबूत सांधे

विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा भरतो आणि चाकांच्या पाटावर उभे केलेले लाकडी नंदी सजवून मुले ते गावातून ओढत नेतात. वर्धा जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) येथील तान्हा पोळा तर माणसाच्या उंचीच्या नंद्यांसाठी ओळखला जातो. आर्वी तालुक्यातील आमच्या गावी गेल्या काही वर्षांपासून मी घरच्या मुलांसाठी लेगोच्या आणि तत्सम जुळणी ठोकळ्यांचा सुमारे ८५ सेंटिमीटर लांबीचा नंदी बांधतो. त्याची मान वर-खाली होते, पुढचा एक पाय गुडघ्यात वाकतो, कान आणि शेपूट हलतात. एवढ्या मोठ्या प्रतिकृतीत भिंती, पोट किंवा पाठ सहसा दगा देत नाही. मोडतो तो सांधा. म्हणून सांधा कसा ठरवावा आणि कसा बांधावा हे येथे सविस्तर लिहीत आहे. नंदीऐवजी कोणी हत्ती किंवा क्रेन बांधणार असेल, तरी पद्धत हीच राहील.

पहिल्या वर्षी मी प्रथम संपूर्ण शरीर बांधले आणि मान कशी जोडायची याचा विचार शेवटी केला. शरीराला कोठेतरी बिजागऱ्या लावून डोके बसवले; घरी ते दोन दिवस ताठ उभे राहिले. तान्ह्या पोळ्याच्या दुपारी मुलांनी त्याला बाशिंग बांधले, शिंगांना गोंडे आणि झेंडूची माळ घातली, आणि मारुतीच्या पारापर्यंत जाईस्तोवर नंदीचे नाक पाटाला टेकले होते. बिजागऱ्या तुटल्या नव्हत्या, एकेक खटका सरकत खाली आल्या होत्या. सजावटीचे वजन मी हिशेबातच धरले नव्हते. तेव्हापासून मी सांध्याचा आराखडा आधी करतो आणि शरीर त्याच्याभोवती बांधतो.

सुरुवात वजन आणि अंतर यांपासून करावी. डोके आणि मान यांचा कच्चा नमुना बांधून किराणा दुकानातील इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलावा. नंतर तो नमुना दोऱ्याने टांगून ज्या जागी तो समतोल राहतो ती जागा शोधावी आणि सांध्याच्या आसापासून तिथपर्यंतचे आडवे अंतर मोजावे. मान आडवी पसरलेली असताना हे अंतर सर्वांत जास्त असते, म्हणून मोजमाप त्याच स्थितीत घ्यावे. माझ्या नंदीचे डोके ४५० ग्रॅम भरले आणि समतोलाचे अंतर १६ सेंटिमीटर आले. दोहोंचा गुणाकार ७,२०० ग्रॅम-सेंटिमीटर होतो; हाच सांध्यावरचा पीळ, म्हणजे सांध्याला फिरवू पाहणारा जोर. बाशिंग, गोंडे आणि माळ मिळून १५० ग्रॅम, पण ते २० सेंटिमीटरवर कपाळाशी लटकतात, म्हणजे आणखी ३,००० ग्रॅम-सेंटिमीटर. डोक्याच्या एक तृतीयांश वजनाच्या सजावटीने सांध्यावरचा पीळ चाळीस टक्क्यांहून अधिक वाढवला. पहिल्या वर्षीच्या फजितीचे कारण या एका ओळीत आहे.

एकूण १०,२०० ग्रॅम-सेंटिमीटरचा हा पीळ थेट प्लॅस्टिकच्या बिजागरीवर टाकण्यापूर्वी तो कमी करता येईल का, हे पाहावे. बैलगाडी भरताना आपण हेच करतो. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, पुढे जास्त झाला की जू बैलांच्या खांद्यावर रुतते, म्हणून गाडीवान आसाच्या दोन्ही बाजूंना माल वाटून भरतो. मानेचेही तसेच करावे. मानेचा दांडा आसाच्या मागे छातीच्या पोकळीत वाढवावा आणि त्याच्या टोकाशी ठोकळ्यांच्या छोट्या पेटीत लोखंडी नट भरावेत. मी आसामागे १० सेंटिमीटरवर ६०० ग्रॅम नट ठेवतो. ते ६,००० ग्रॅम-सेंटिमीटर उलट दिशेने ओढतात. आता सजावटीसह ४,२०० आणि सजावटीविना १,२०० इतकाच पीळ उरतो.

येथे नटांचे वजन आणखी वाढवून सजावटीविना पीळ शून्यावर आणण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. गिअरच्या दातांमध्ये थोडी मोकळीक नेहमीच असते. डोके सतत थोडे खालीच ओढत असेल तर ती मोकळीक एका बाजूला दाबून राहते आणि मान स्थिर दिसते. तोल अगदी काटेकोर झाला की रस्त्यावरच्या प्रत्येक हादऱ्याला मान वर-खाली डुलते आणि दात एकमेकांवर आपटतात. शिवाय नटांचा हा प्रतिभार पीळ कमी करतो, आसावरचे वजन मात्र वाढवतो, हेही विसरू नये. माझ्या आसावर आता ४५० ऐवजी सजावट आणि नट धरून १,२०० ग्रॅम बसतात, त्यामुळे आस दोन्ही बाजूंनी धरलेला असणे अनिवार्य आहे.

सांध्याचे प्रकार मोजकेच आहेत. घर्षणाची पिन हलक्या भागांना पुरते; कान, शेपटीचे टोक, जबडा यांसाठी तिच्यापेक्षा जास्त काही लागत नाही, मात्र वारंवार फिरवल्याने तिची पकड सैल होते. ज्याला शाळेच्या पुस्तकात उखळीचा सांधा म्हणतात तो गोळी आणि वाटीचा सांधा सर्व दिशांना वळतो, परंतु वजन धरण्यात तो सर्वांत कच्चा. तो मी शेपटीच्या बुंध्याशीच वापरतो. खटकेदार बिजागरी बरेच वजन धरते, पण ती साडेबावीस अंशांच्या टप्प्यांनीच थांबते. आसापासून २० सेंटिमीटरवर असलेले नाक एका खटक्यात जवळजवळ आठ सेंटिमीटर खाली येते, त्यामुळे लांब मानेला हवी ती ठेवण देता येत नाही. पाय किंवा शेपटीचा जाड भाग यांसाठी मात्र ती उत्तम आहे. एकाच आसावर दोन किंवा तीन बिजागऱ्या शेजारी शेजारी लावल्या तर भार वाटला जातो, फक्त सर्वांचे खटके एकाच टप्प्यावर जुळवून मगच बाकीचे ठोकळे बसवावेत.

मानेसाठी मी वर्म गिअर वापरतो आणि मोठ्या प्रतिकृतीतील कोणत्याही वजनदार सांध्यासाठी तोच सुचवतो. वर्म हा मळसूत्रासारखा आटे असलेला गिअर असतो. वर्म फिरवला की समोरचा दातेरी गिअर फिरतो, पण दातेरी गिअरवर कितीही वजन आले तरी त्याने वर्म उलटा फिरत नाही. म्हणजे मान जेथे सोडाल तेथेच थांबते आणि तिला रोखायला वेगळी कळ लागत नाही. ४० दातांचा गिअर घेतल्यास वर्मच्या एका फेऱ्यात मान ९ अंश हलते. झुलीखाली दडवलेली मूठ चार वेळा फिरवली की नंदी मान डोलावून नमस्कार करतो, आणि मुलांना तेच सर्वांत आवडते.

२४ दातांऐवजी ४० दातांचा गिअर घेण्यामागे नेमके कारण आहे. या ठोकळ्यांच्या माथ्यावरील एका उंचवट्यापासून दुसऱ्या उंचवट्यापर्यंतचे अंतर ८ मिलिमीटर असते आणि गिअरही त्याच मापात बसतात. २४ दातांच्या गिअरची त्रिज्या १२ मिलिमीटर, तर ४० दातांच्या गिअरची २० मिलिमीटर आहे. ४,२०० ग्रॅम-सेंटिमीटरचा पीळ १.२ सेंटिमीटरने भागला तर दातावर साडेतीन किलोचा जोर येतो, २ सेंटिमीटरने भागला तर २ किलो १०० ग्रॅमचा. मोठ्या गिअरला छातीत थोडी जास्त जागा लागते, पण दात वाचतात.

वर्म बसवताना दोन गोष्टी हमखास चुकतात. पहिली अशी की वर्म ॲक्सलवर, म्हणजे ज्या दांड्यावर तो बसतो त्यावर, मागे-पुढे मोकळा सरकतो. डोक्याचे वजन त्याला ॲक्सलच्या लांबीच्या दिशेने ढकलते, आणि त्याच्या दोन्ही टोकांना बीम (भोकांची पट्टी) किंवा बुश (ॲक्सलवर बसणारी छोटी कडी) यांची भक्कम अडण नसेल तर तो सरकून मान अचानक कोसळते. दुसरी चूक म्हणजे मान गिअरच्या मधल्या ॲक्सलला जोडणे. प्लॅस्टिकचा ॲक्सल लांब असला की पिळला जातो आणि मान स्प्रिंगसारखी लवते. त्याऐवजी ४० दातांच्या गिअरला जी गोल भोके असतात त्यांतून पिना घालून मानेच्या बीम गिअरच्या दोन्ही अंगांना थेट जोडाव्यात. मग पीळ गिअरमधून परस्पर मानेत जातो आणि ॲक्सलला फक्त वजन पेलायचे काम राहते.

वर्म आणि गिअर यांचे आस एकमेकांपासून बरोबर तीन उंचवट्यांच्या, म्हणजे २४ मिलिमीटरच्या अंतरावर राहिले पाहिजेत आणि भार आल्यावरही ते अंतर वाढता कामा नये. वाढले की दात सुटतात. म्हणून हे दोन्ही आस एकाच चौकटीत धरावेत आणि चौकट उंचवट्यांच्या पकडीवर सोडू नये. ठोकळ्याच्या आत नळ्या असलेल्या ज्या रचनेचे पेटंट लेगोने १९५८ मध्ये डेन्मार्कमध्ये मागितले, तिची पकड सरळ वर ओढल्यास मजबूत असते, कारण सर्व उंचवटे एकाच वेळी धरून ठेवतात. तोच ठोकळा एका कडेने उचकटला तर एकेक उंचवटा पाळीपाळीने सुटतो, आणि सांधा नेमका कडेनेच उचकटतो. गावचा सुतार लाकडी नंदीचा पाय खाचेत बसवतो, पण तेवढ्यावर थांबत नाही, आडवे भोक पाडून त्यात खुंटी ठोकतो. आपली खुंटी म्हणजे लेगोच्या टेक्निक मालिकेतील, भोकांत बसणारी पिन. ओढ उंचवट्यांवर न येता पिनेवर आडवी यावी, अशी मांडणी करावी.

यासाठी मापांचे एक गणित पाठ असावे. ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर आणि प्लेटची, म्हणजे पातळ ठोकळ्याची, ३.२ मिलिमीटर असते. भोकांचा एक ठोकळा, त्यावर दोन प्लेटी आणि त्यावर पुन्हा भोकांचा ठोकळा असे रचले की खालच्या भोकापासून वरच्या भोकापर्यंत बरोबर १६ मिलिमीटर, म्हणजे दोन उंचवट्यांचे अंतर भरते, आणि त्यावर उभी बीम पिनांनी तंतोतंत बसते. अशा उभ्या बीमने बांधलेले थर हाताने ओढूनही सुटत नाहीत. चौकट तिरकी होऊ नये म्हणून एक कर्ण टाकावा. आडवी ३ आणि उभी ४ अंतरे घेतली तर कर्ण ५ अंतरांचा येतो. बीम निवडताना अंतरे मोजावीत, भोके नव्हेत. ५ अंतरांसाठी ६ भोकांचे माप लागते, म्हणून तेथे ७ भोकांची बीम घेऊन एक भोक रिकामे सोडावे.

पायांबद्दल माझे मत स्पष्ट आहे की चारही पाय हलते ठेवू नयेत. तीन पाय पाटाला पिनांनी जखडावेत आणि सर्व वजन त्यांच्यावर द्यावे. चौथा, पुढचा, हवेत उचललेला ठेवून त्याच्या गुडघ्यात दोन खटकेदार बिजागऱ्या लावाव्यात. त्या गुडघ्याला दोन्ही टोकांना ठोकळ्याची अडण द्यावी, म्हणजे एखाद्या मुलाने पाय जोराने दाबला तरी जोर बिजागरीऐवजी अडणीवर जाईल.

बांधून झाल्यावर परीक्षा घ्यावी आणि ती शरीर झाकण्यापूर्वी घ्यावी. एक लिटर पाणी एक किलो भरते, त्यामुळे पाण्याची बाटली हे सर्वांत सोयीचे वजन आहे. मुरमाच्या रस्त्यावर हादरे बसतात म्हणून मी हिशेबाच्या दुप्पट भार धरतो. माझा उरलेला पीळ ४,२०० होता. तेवढीच आणखी भर घालण्यासाठी सजवलेल्या डोक्याच्या नाकाशी, २० सेंटिमीटरवर, २१० मिलिलिटर पाणी भरलेली हलकी पिशवी टांगली. नाकाची उंची भिंतीवर पेन्सिलने खुणावून ती रात्रभर तशीच ठेवली. सकाळी नाक दोन-तीन मिलिमीटर खाली आले असेल तर चौकट बसली असे समजावे आणि त्या रात्रीपुरती नवी खूण करावी; दुसऱ्या रात्रीही ते तितकेच खाली आले तर कोठेतरी पिन सरकते आहे किंवा ॲक्सल पिळला जातो आहे, आणि तेथे उघडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आपल्याकडचे ऊन हा वेगळा विषय आहे. ठोकळ्यांचे एबीएस प्लॅस्टिक वैशाखाच्या उन्हाने वितळत नाही, पण सतत भाराखाली ते हळूहळू वाकते, आणि टिनाच्या छपराखाली ही क्रिया वेगाने होते. म्हणून वर्षभर ठेवताना मानेखाली टेकू द्यावा, नटांची पेटी काढून ठेवावी आणि नंदी खिडकीच्या उन्हापासून दूर ठेवावा, अन्यथा पांढरे ठोकळे पिवळे पडतात. कापूस वेचणीच्या दिवसांत घरात कापूस साठवला असेल तर त्याचे तंतू वर्मच्या आट्यांत गुंततात. कोरड्या मऊ ब्रशने ते काढावेत आणि तेल घालू नये, कारण तेलाला धूळ चिकटते. सांधा पक्का करण्यासाठी गोंद लावणे मला मान्य नाही. गोंद लावलेला सांधा पुन्हा उघडून दुरुस्त करता येत नाही, आणि ॲसिटोनसारखा द्रव तर एबीएस विरघळवतो.

मुले नंदी कशी ओढतात हेही सांध्याच्या आराखड्याचाच भाग आहे. मूल कासरा वेसणीलाच बांधते आणि मान धरून संपूर्ण सहा-सात किलोचा नंदी ओढू लागते. मग वरचा सगळा हिशेब फोल ठरतो. मी कासरा पाटाच्या पुढच्या लोखंडी कडीला बांधतो आणि वेसणीच्या कडीतून तो फक्त सैल ओवून घेतो. पाहणाऱ्याला नंदी वेसणीने चालल्यासारखा दिसतो, ओढ मात्र सगळी पाटावर जाते. कडी आणि वेसण यांच्यामध्ये कासऱ्याला चार बोटे ढील ठेवावी आणि मान पूर्ण वर उचलल्यावरही ती ढील संपत नाही ना, हे मूठ फिरवून पाहावे.