मेणाची अंगठी कोरायला बसण्याआधी काटा आणा

आधी वजनाचा काटा आणा. करवत, कानस, मेण, सगळं नंतर. मेणात कोरलेली अंगठी कास्टिंगवाला साच्यात घालून वितळवून काढतो आणि त्या पोकळीत धातू ओततो, म्हणून मेण जितकं जड तितका धातू जास्त लागतो. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा लागतो. स्वयंपाकघरातला चालणार नाही, कारण तो पुरता एक ग्रॅम झाल्याशिवाय हलत नाही आणि सोन्याच्या अंगठीचं मेण बहुतेक वेळा एक ग्रॅमच्या आतच असतं. काटा घरात येईपर्यंत मेणाला हात लावू नका.

मागच्या वर्षी भावाच्या साखरपुड्याची अंगठी मी न तोलता कोरली. आईने तिची तुटलेली बांगडी काढून दिली होती. गाळून साडेसात ग्रॅम सोनं हातात आलं. गोव्यात फोंड्याला घरी बसून तीन रात्री कोरत होते. अंगठीच्या दोन्ही खांद्यांवर सुरंगीच्या कळ्या काढल्या होत्या, माप बरोबर होतं, कडा सरळ होत्या. म्हापशाला कास्टिंगवाल्याने ती काट्यावर ठेवली, ०.९२ आलं. त्याने आकडा अठराने गुणला आणि विचारलं, "बाय, सोनं किती आणलंय?" साडेसोळा ग्रॅम लागणार होतं. साखरपुड्याला पाच दिवस उरले होते. तिथल्याच बाकावर बसून मी आतून खरवडायला घेतलं आणि घाईत कळीखालची पट्टी मोडली. भावाच्या बोटात दुकानातली साधी अंगठी गेली. आई एका शब्दाने बोलली नाही, आणि मला तेच जास्त लागलं.

म्हणून हिशेब आधी करा. कोरीवकामाच्या मेणाची घनता जवळपास पाण्याइतकी असते, त्यामुळे मेणाच्या वजनाला धातूच्या घनतेने गुणलं की ओतल्यावरचं वजन मिळतं. चांदीला साडेदहा, १८ कॅरेट सोन्याला साडेपंधरा, २२ कॅरेटला अठरा धरा. २२ कॅरेटचा खरा आकडा अठराच्या थोडा खालीच येतो, पण सोनं कमी पडण्यापेक्षा हिशेब वर गेलेला बरा. हाच हिशेब उलटा करायचा असतो. हातात किती धातू आहे ते बघा, त्यातला जितका अंगठीत जायला हवा तो भागिले अठरा, म्हणजे मेण किती असावं ते कळतं. सात ग्रॅमची अंगठी हवी तर मेण ०.३९. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा आणि वही समोर उघडी ठेवा.

अंदाज यावा म्हणून सांगते. २० नंबर मापाच्या अंगठीची साधी पट्टी, ४ मिलिमीटर रुंद आणि दीड मिलिमीटर जाड, मेणात ०.३८ च्या आसपास भरते. माझी होती ६ मिलिमीटर रुंद आणि सव्वादोन जाड. हातात घेतली तर दोन्ही सारख्याच वाटतात. मेण इतकं हलकं असतं की बोटांना फरक कळतच नाही, आणि आपण फसतो ते इथेच. दोन मिलिमीटर रुंदीने आणि पाऊण मिलिमीटर जाडीने काय होणार, असं वाटतं. दुपटीहून जास्त सोनं लागतं.

आता मेण. बाजारात अंगठीसाठी भोक असलेल्या नळ्या मिळतात, हिरव्या, जांभळ्या आणि निळ्या. हिरवं सगळ्यात कडक. त्यात बारीक रेघ स्वच्छ उठते, पण पडलं तर तडकतं. निळं मऊ, थोडं वाकतं, नक्षी धरत नाही. जांभळं मधलं. पहिल्यांदा करत असाल तर जांभळं घ्या. बारीक कळ्या, अक्षरं, देवाचा चेहरा असं काही असेल तरच हिरवं. मेणबत्तीचं मेण किंवा मधमाशीचं मेण घेऊन प्रयोग करू नका, ते कानशीला चिकटतं आणि सगळा वेळ वाया जातो.

हत्यारांत मेणाची जाड दातांची कानस वेगळी घ्या, धातूच्या कानशीचे दात दोन मिनिटांत भरून जातात. पिळाचं पातं लावलेली करवत, टोकदार कंपास, रुंदी-जाडी मोजायचा व्हर्निअर, दातांच्या डॉक्टरांची मेण कोरायची हत्यारं, जुना टूथब्रश, अंगठी मापायची सळई. भोक मोठं करायची पात्याची लाकडी सळई मिळते, ती नक्की घ्या. पावसात आपल्याकडे कानशी गंजतात, वापरून झाल्या की कोरड्या करून डब्यात ठेवा. आणि काटा. काट्यासोबत आलेलं वजन ठेवून एकदा तपासून घ्या, आणि तोलताना पंखा बंद करा. वाऱ्याने शेवटचा आकडा नाचत राहतो.

बोटाचं माप संध्याकाळी घ्या. उन्हातून आलेलं बोट फुगलेलं असतं, सकाळचं बारीक असतं. आपल्याकडच्या मापात एका नंबराला आतल्या परिघात साधारण १ मिलिमीटरचा फरक पडतो. रुंद पट्टी त्याच मापात घट्ट बसते, हे लक्षात ठेवा. मेण मी मापापेक्षा अर्धा नंबर लहान ठेवते. ओतल्यावर धातू किंचित आकसतो खरा, पण आतून घासताना भोक मोठं होतं, शिवाय लहान अंगठी घासून मोठी करता येते, मोठी लहान करायची तर कापून जोडावी लागते. पात्याची सळई निमुळती असते, म्हणून चार फेरे एका बाजूने झाले की अंगठी उलटी करून चार फेरे दुसऱ्या बाजूने. एकाच बाजूने फिरवत राहिलात तर भोक एकीकडे मोठं, एकीकडे लहान होतं.

नळीतून चकती कापताना हव्या त्या रुंदीपेक्षा एक मिलिमीटर जास्त धरा, करवत तिरकी जातेच. चकती कापली की तोला. हो, आत्ताच. हा आकडा मोठाच असणार, पण इथून किती खाली उतरायचं आहे ते कळतं. मग दोन्ही बाजू सपाट करून कंपासाने मधली रेघ आणि जाडीची रेघ ओढा. बाहेरचा आकार आधी कानशीने, सरळ चौकोनी. गोलाई नंतर. सुरुवातीलाच गोल करायला गेलात की दोन बाजू सारख्या राहत नाहीत.

बाहेरचा आकार झाला की तोला. नक्षीला हात लावायच्या आधी. मी इथे तोललं असतं तर तीन रात्री वाचल्या असत्या, कारण कळ्या कोरून झाल्यावर जाडी काढायची म्हणजे कळ्याच जातात. या टप्प्याला वजन लक्ष्याच्या दीडपट असेल तर ठीक, नक्षीत आणि आतून पोखरण्यात थोडं उतरेल. त्याहून जास्त असेल तर थांबा आणि रुंदी किंवा जाडी कमी करा. मन होत नाही, आकार सुंदर दिसत असतो, पण कमी करा.

नक्षीबद्दल इथे फार लिहीत नाही. तो ज्याच्या त्याच्या हाताचा भाग. रेघ खोल ठेवा, एवढंच. कास्टिंग आणि पॉलिश दोन्हींत कडा बुजतात. नक्षीचं एखादं टोक मेणात सुईसारखं दिसत असेल तर चांदीत ते फक्त गोल राहील. खडा बसवायचा असेल तर खडा धरणाऱ्या नख्या हव्या त्यापेक्षा थोड्या जाड ठेवा आणि खडा समोर ठेवूनच जागा कोरा. अंदाजाने कधीच नको.

वजन जास्त वाटलं तर जागा आतून काढायची. वरचा जाड भाग आतल्या बाजूने गोल बरने, म्हणजे गोल डोक्याच्या बारीक कोरणीने, पोखरा, कडेला काठ ठेवून. इथे फार जपून. अंगठी खिडकीच्या उजेडात धरा. हिरवं मेण जाड असेल तिथे गडद काळसर दिसतं, पातळ होत जाईल तसं कोवळ्या पानासारखं उजळतं, आणि जिथे अचानक पोपटी ठिपका चमकतो तिथे बर लगेच थांबवायचा. उजेड जागा दाखवतो, आकडा दाखवत नाही, म्हणून जाडी मोजायचा कॅलिपर लावा. एक मिलिमीटरच्या खाली कुठेही जाऊ नका, ओतताना धातू तिथे पोचेलच असं नाही, अंगठीला भोक पडू शकतं. पट्टीच्या तळाला, जिथे पट्टी जास्त घासली जाते, सव्वा ते दीड ठेवा. पोखरून झालं की तोला. चार खरवड, एक तोल, अशा लयीत चला. ०.४५ वरून ०.३९ वर यायला मला अर्धा तास लागतो आणि दहा-बारा वेळा काटा लागतो. तेवढा लागू दे.

कुठे जास्त निघालं तर तापलेल्या सुईने त्याच मेणाचा थेंब सोडा, पण जुनं मेणही त्या जागी वितळलं पाहिजे. नुसता वरून चिकटवलेला थेंब ओतल्यावर टवका होऊन निघतो. आणि थेंब घातला की पुन्हा तोला.

शेवटी गुळगुळीत करणं. जुन्या नायलॉनच्या मोज्याने घासा. मेणावरचा प्रत्येक ओरखडा धातूत जसाच्या तसा उतरतो, आणि धातूतला ओरखडा काढायला मेणाच्या दसपट वेळ जातो. ब्रशने भुकटी झटका. आता शेवटचं तोलणं, आकडा तारीख घालून वहीत.

न्यायची तयारी. प्लास्टिकच्या कडक डबीत कापूस, त्यात अंगठी, डबी पिशवीत. कदंबाच्या सरकारी बसमध्ये डबी मांडीवर ठेवा. मे महिन्यात बंद गाडीत डॅशबोर्डवर ठेवली तर पट्टी वाकते, मेण वितळायला शंभर अंशांच्या वर लागत असलं तरी वाकायला इतकं लागत नाही.

कास्टिंगवाल्याशी निघण्याआधी फोनवर बोला. तुमचंच सोनं ओतणार की तो आपल्या साठ्यातलं ओतून वजनाला वजन घेणार? धातू आत जायला मेणाला जोडलेल्या दांडीत आणि तळाच्या गुठळीत जाणारं सोनं नंतर परत मिळतं, पण ओतायच्या वेळी ते हाताशी लागतं, साडेसात ग्रॅममध्ये सात ग्रॅमची अंगठी ओतता येत नाही. मोडीच्या सोन्यात जुना डाग, म्हणजे सांधे जोडायचा धातू, असतो, तो तसाच गेला तर अंगठीत बारीक छिद्रं पडतात, आधी शुद्ध करून घ्या. घट आणि मजुरी आधी ठरवा. दांडी जाड भागाला जोडायला सांगा, नक्षीवर नको.

शक्य असेल तर पहिली अंगठी चांदीत ओता. आली की दांडीची जागा कापा, मग कानस, एमरी पेपर आणि पॉलिशचं बफ. आतली बाजू मापाला आणा. ओतलेल्या अंगठीचं वजन वहीत मेणाच्या आकड्यासमोर लिहा.

आईचं साडेसात ग्रॅम अजून डबीत आहे. भावाचं लग्न डिसेंबरात आहे. नवं मेण परवा ०.३९ वर आलं, कळ्या यावेळी दोनच ठेवल्यात. चतुर्थी झाली की म्हापशाला नेणार, यावेळी कास्टिंगवाल्याच्या साठ्यातलं ओतून वजनाला वजन देणार, आणि निघायच्या दिवशी सकाळी परत एकदा तोलणार.