थर्मोस्टॅटची जागा बदलण्यापूर्वी करावयाची तयारी

ग्वाल्हेरला जानेवारीत काही रात्री पारा ५ अंशांच्या खाली उतरतो आणि शहराच्या लष्कर भागातील आमच्या जुन्या घराच्या दगडी भिंतींतली थंडी दुपारपर्यंत निघत नाही. म्हणून वडिलांच्या खोलीत भिंतीवर पक्का बसवलेला २००० वॅटचा हीटर आहे आणि खोलीचे तापमान पाहून तो आपोआप चालू-बंद करणारा वेगळा थर्मोस्टॅट आहे. हा थर्मोस्टॅट दाराजवळ होता. दार उघडले की वाऱ्याची झुळूक त्याच्यावर येई, म्हणून गेल्या डिसेंबरात आम्ही तो हलवला आणि काम बिघडवले. यंदा ते नव्याने करताना केलेली तयारी येथे लिहीत आहे.

जागा आधी कागदावर ठरवावी. घराच्या आतली भिंत निवडावी, बाहेरची नको. उंची जमिनीपासून सुमारे ५ फूट असावी. ऊन, खिडकी, दिवा, टीव्ही, पडदा आणि कपाटाची मागची बाजू टाळावी, हे सांगायलाच नको. भिंतीच्या पलीकडे गीझरची गरम पाण्याची नळी जात नाही ना, एवढे मात्र पाहावे, कारण ते डोळ्यांना दिसत नाही.

यानंतरचे काम आम्ही विसरलो होतो. ज्या पाइपातून तारा थर्मोस्टॅटपर्यंत येतात, त्या पाइपाचे तोंड बंद करण्याचे सामान मिस्त्री येण्यापूर्वी घरात आणून ठेवावे. आमचा पाइप वर गच्चीवरच्या जंक्शन बॉक्सपर्यंत (तारा जोडण्याच्या डब्यापर्यंत) जातो. रात्री तेथली गार हवा जड होऊन पाइपातून खाली उतरते आणि नेमकी थर्मोस्टॅटच्या पाठीवर पडते. उपकरण खोलीची हवा मोजत आहे असे आपण समजतो, पण ते मोजत असते गच्चीवरची हवा. आमच्याकडे ते १९ अंश दाखवत होते आणि वडिलांच्या उशाशी ठेवलेला साधा तापमापक २७. हीटर रात्रभर बंद झाला नाही. वडिलांचा घसा कोरडा पडला, दोन रात्री त्यांना झोप लागली नाही, आणि आम्ही उगीचच यंत्राला दोष देत राहिलो. शेवटी थर्मोस्टॅट उघडून भोकासमोर उदबत्ती धरली, तेव्हा धूर सरळ खोलीकडे ढकलला गेला.

तोंड बंद करण्यासाठी विजेच्या कामाची, कणकेसारखी मऊ राहणारी पुट्टी घ्यावी. कापूस, चिंधी, कागद यांचा बोळा कोंबू नये, कारण तेथे २३० व्होल्टच्या तारा आहेत. आंबट वासाचे सिलिकॉनही नको. त्यातून निघणारे आम्ल तांब्याला खाते. मिस्त्री म्हणतील, याची गरज नाही. आमचेही तसेच म्हणाले होते. तरी पाइपाचे तोंड बंद करूनच घ्यावे.

आता विजेचा भाग. २००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. बाजारात हुबेहूब सारखे दिसणारे ३ अँपिअरचे आणि १६ अँपिअरचे थर्मोस्टॅट मिळतात. डब्यावर विसंबू नये, उपकरणाच्या पाठीवर छापलेला आकडा स्वतः वाचावा. ३ अँपिअरचाच हाती असेल तर मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे थर्मोस्टॅटच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, घालावा लागेल. तार तांब्याची, २.५ चौरस मिलिमीटरची घ्यावी, आणि नव्या जागी न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) पोहोचते का हे आधी पाहावे, कारण डिजिटल थर्मोस्टॅटला बहुधा ते लागते आणि जुन्या घरांत ते नेमके तेथेच नसते. अर्थिंगबद्दल तडजोड करू नये.

हीटरची पुस्तिका वाचावी. बाहेरून थर्मोस्टॅट जोडण्यास तिच्यात मनाई असेल तर तो हीटर या कामासाठी वापरूच नये. थर्मोस्टॅट हीटरची वीजच तोडतो आणि जोडतो, म्हणून वीज परत आल्यावर बटण दाबल्याशिवाय सुरू न होणारे, स्पर्शाने चालणारे हीटरही उपयोगाचे नाहीत. हीटर गोल फिरणाऱ्या खटक्याचा असेल तर त्याचा स्वतःचा तापमानाचा खटका वरच्या टोकाला ठेवावा, नाहीतर दोन थर्मोस्टॅट एकमेकांशी भांडतात. रजई आणि पडदे किमान ३ फूट दूर ठेवावेत. वृद्ध माणसाच्या खोलीत याची खात्री रोज करावी.

कामाच्या दिवशी एमसीबी (वीज तोडणारा बोर्डावरचा खटका) पाडावा, टेस्टर आधी चालू बोर्डावर तपासून मग तारांना लावावा. जुन्या जागेचा बॉक्स झाकणाने बंद करावा. तेथल्या पाइपाचेही तोंड पुट्टीने भरावे. दगडी भिंतीवर उपकरण थेट न बसवता मागे लाकडी पट्टी द्यावी. झाकण लावण्यापूर्वी नव्या जागेचे तोंड भरले आहे का, हे बोट लावून स्वतः पाहावे.

नंतर तापमापक शेजारी टांगून एक पूर्ण रात्र आकडे ताडून पाहावेत. एका अंशाचा फरक चालेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली घरासाठी किमान १८ अंश सुचवले आहेत. वृद्धांसाठी आम्ही २१ ठेवतो. फरक जास्त आला तर प्रथम पाइपाचे तोंड पाहावे.