विंच घसरते तेव्हा पान्याआधी खडू घ्या

आयटीआय करून गॅरेजला लागलेली मुलं विचारतात, विंचचं (रोप ड्रमवर गुंडाळून अडकलेली गाडी ओढणाऱ्या यंत्राचं) काम शिकावं का. शिकावं. बोरघाटाच्या पट्ट्यात रिकव्हरीच्या गाड्यांना काम कायम असतं, पण विंच खोलून परत नीट बसवणारा माणूस शोधावा लागतो. सुरुवात मात्र जड जाते. मला गेली, आणि ते दिवस मी विसरलेलो नाही.

पीटीओ (इंजिनची ताकद पंपाला देणारा जोड), पंप, वाल्व, मोटर हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. अडचण पुढे आहे. ड्रायव्हर येतो आणि म्हणतो, ‘मिस्त्री, विंच स्लिप मारतेय.’ एवढंच. इंजिन रेस होतं पण ड्रम हलत नाही, तरी तो हेच म्हणतो. ओढलेली गाडी लिव्हर सोडल्यावर हळूहळू मागे जाते, तरी हेच. ड्रम जागच्या जागी आणि रोपच त्यावर सरकतो, तरीही हेच. तिन्हींचं काम वेगळं आणि खर्चही वेगळा. म्हणून पान्याआधी खडू घ्या. ड्रमच्या कडेवर आणि समोरच्या फ्रेमवर एका रेषेत खूण करा, रोप ड्रमवर चढतो तिथे दुसरी. मोटरचा शाफ्ट दिसत असेल तर त्यावरही. सपाट जागी चाकांना ठोकळे लावा, लोड ओढा, लिव्हर सोडा आणि पाच मिनिटं नुसतं बघा. त्या वेळी रोपच्या रेषेत कोणीही नको. हेल्पर नको, ‘जरा बघतो’ म्हणणारा मालकही नको. ताणात तुटलेला वायर रोप माणसाला आयुष्यभराचा अधू करतो.

रोपची खूण सरकली तर ड्रममधला क्लॅम्प किंवा वेज (रोप धरणारी पाचर) बघा, आणि ड्रमवर किती वेढे उरले होते ते विचारा. वायर रोपचे निदान 5 वेढे राहिलेच पाहिजेत, कारण लोड धरतात ते वेढे, क्लॅम्प नव्हे. शाफ्ट फिरतोय आणि ड्रम उभा असेल तर आधी फ्री-स्पूलचा डॉग क्लच (ड्रम गिअरपासून मोकळा करणारा दातांचा जोड) तपासा. दातांच्या कडा गोल झाल्या असतील किंवा लिव्हरच्या लिंकेजमध्ये ढिलाई असेल, तर क्लच अर्धाच बसतो आणि जोर आला की निसटतो. हे काम स्वस्तात होतं. मन खट्टू करून घेऊ नका, बऱ्याच गाड्या इथेच सुटतात.

काही वेळा विंच घसरत नसतेच, तिला ओढ कमी पडत असते. विंचवर लिहिलेली ताकद ड्रमवरच्या रोपच्या पहिल्या थराची असते; थर चढले की त्रिज्या वाढते आणि ओढ घटते. ड्रम 200 मिलिमीटरचा आणि रोप 16 चा धरा. पहिल्या थराला त्रिज्या 108, चौथ्या थराला साधारण 156. म्हणजे 10 टनांची विंच चौथ्या थरावर 7 टनांच्या आतच ओढणार. रोप जास्त बाहेर काढा, नाहीतर स्नॅच ब्लॉक (रोप दुहेरी करणारी कप्पी) लावा. तिथे काहीही खोलू नका.

आता ज्या गोष्टीने माझी झोप उडवली होती ती सांगतो, आणि सविस्तर सांगतो. गाडी आली तेव्हा लोड मागे सरकत होता. आधीच्या गॅरेजने ब्रेकच्या प्लेटा नव्या टाकलेल्या. मी खोलून जाडी मोजली, स्प्रिंग बघितल्या, सील बघितलं. सगळं ठीक. तरी लोड सरकायचा, आणि गंमत नव्हे, रोज सरकायचाही नाही! रोप आत ओढून थांबलं की विंच धरायची. थोडा रोप बाहेर सोडून थांबलं की वीतभर सरकायची आणि मग आपोआप थांबायची. हे लक्षण पाठ करून ठेवा.

बहुतेक हायड्रॉलिक प्लॅनेटरी विंचमध्ये ब्रेक स्प्रिंगने लागतो आणि तेलाच्या दाबाने सुटतो. रोप बाहेर सोडताना त्या बाजूच्या लाइनचा दाब ब्रेकला जातो. लिव्हर न्यूट्रलला आला की तो दाब टाकीत निघून गेला पाहिजे. त्यासाठी डायरेक्शन वाल्वमध्ये मोटर स्पूल लागतो (स्पूल म्हणजे वाल्वच्या आत सरकून तेलाची वाट बदलणारा दांडा). तो न्यूट्रलला दोन्ही पोर्ट टाकीकडे उघडे ठेवतो. सिलिंडर स्पूल पोर्ट बंद करतो. या गाडीवर कुणीतरी जुना वाल्व काढून क्रेनच्या बूमला चालतो तसलाच दुसरा बसवला होता, सिलिंडर स्पूलचा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. दाब लाइनमध्ये कोंडला जायचा, ब्रेक अर्धवट सुटा राहायचा, आणि मोटरच्या आतल्या गळतीतून दाब उतरला की मग धरायचा. प्लेटांचा काहीच दोष नव्हता. तेव्हा ब्रेकच्या लाइनला टी (तीन तोंडांचा जोड) टाकून दाबाचा गेज लावा. बिनलोड रोप बाहेर सोडा आणि लिव्हर न्यूट्रलला आणा. काटा शून्याजवळ पडला पाहिजे. अडकून राहिला तर वाल्व बघा, आणि वाल्व बरोबर असेल तर रिटर्न फिल्टर चोंदलाय का ते बघा. ब्रेक त्यानंतर.

विंच ओढत नाही म्हटलं की रिलीफ वाल्वचा (जास्तीत जास्त दाब ठरवणाऱ्या वाल्वचा) स्क्रू पिळणारे पुष्कळ आहेत. हे करू नका, कुणीही सांगितलं तरी. पंप झिजलेला असेल तर स्क्रू पिळून त्याची ताकद परत येत नाही. आणि पंप चांगला असेल तर वाढलेला दाब होज, गिअर आणि रोपवर जातो. माझं स्पष्ट मत आहे, जो उस्ताद गेज न लावता स्क्रूला हात घालतो आणि सेटिंग करताना तुमच्याकडे पाठ करतो, त्याच्याकडे वर्ष घालवू नका. पगार कमी चालेल, पण गेज तुमच्या हातात देणारा मिस्त्री शोधा. असे आहेत.

वर्म गिअरची (स्क्रूसारख्या दांड्याने दातेरी चाक फिरवणारी) जुनी विंच आली तर ‘वर्म आहे, मागे फिरणारच नाही’ यावर विसंबू नका. हादऱ्याने वर्मही सरकतो, म्हणून त्यावर वेगळा ब्रेक असतो. तिचं व्हील कांस्याचं असेल तर तेल कंपनीच्या पुस्तकात दिलंय तेच घाला, कारण काही ईपी (जास्त दाबासाठी अ‍ॅडिटिव्ह घातलेली) तेलं कांस्य खातात. तेलात बुडालेल्या ब्रेकलाही हाच नियम. नको ते अ‍ॅडिटिव्ह असलेलं तेल पडलं तर नव्या प्लेटाही धरत नाहीत.

काम झालं की टेस्ट दोन्हीकडून घ्या, आत ओढून थांबवून आणि बाहेर सोडून थांबवून. मग रोप ताणाखाली, वेढ्याला वेढा लावून परत गुंडाळा. सैल गुंडाळलेला रोप पहिल्याच जड लोडला खालच्या थरात रुततो, आणि ड्रायव्हर पुन्हा दारात येऊन विंच स्लिप मारतेय म्हणतो.